पर्जन्यछायेतून समुद्राकडे

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये सह्याद्री आडवा, आणि गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत. भालचंद्र गणपतीच्या या गावाला चंद्र चांगला ठाऊक आहे, भरती-ओहोटीशी मात्र त्याचं काही देणंघेणं नाही. तरी मृग निघाला की सगळ्यांच्या नजरा नैर्ऋत्येला लागतात, म्हणजे नकळत समुद्राकडेच. हिंदी महासागराच्या संशोधनाला आपल्याकडे साठ-पासष्ट वर्षं होऊन गेली. गोवा, मुंबई, पुणे, बंगळुरू इथल्या संस्थांत आणि विद्यापीठांत त्यावर असंख्य चर्चासत्रं झाली. त्या बोलण्यात आमच्या पावसाचा वाटा किती होता, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

सुरुवातीला तो जवळपास नव्हताच. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनभराहून अधिक देशांची चाळीसेक जहाजं तीत होती. भारताकडून नौदलाचं ‘आयएनएस किस्तना’ होतं, केरळची ‘वरुणा’ आणि ‘काँच’ ही लहान जहाजं होती. भारतीय कार्यक्रमाची धुरा डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती, आणि ते मूळचे मत्स्यजीवशास्त्रज्ञ. नव्यानं स्वतंत्र झालेल्या, अर्धपोटी देशांना समुद्रातून अन्न मिळेल का, हा त्या मोहिमेमागचा एक मोठा प्रश्न होता. हवामानाचा विषय मागाहून जोडला गेला.

मागाहून आला, पण आमच्या दृष्टीनं खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. १९६३ मध्ये मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज आणि आपले प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी ते चालवलं. आयबीएम १६२० हे संगणकयंत्र तिथे बसवलं होतं. आजच्या साध्या मोबाइलपुढे त्याची ताकद नगण्य, पण तेव्हा तो केवढा अप्रूपाचा विषय होता. मुंबईहून अमेरिकी संशोधन विमानं अरबी समुद्रावर उडाली आणि जमिनीवरून कधीच न दिसलेली एक गोष्ट सापडली. उत्तर कोकण आणि गुजरातच्या समोर, समुद्राच्या पृष्ठभागावर फारशी खूण न दाखवता, काही किलोमीटर उंचीवर चक्राकार वारे फिरत असतात आणि किनाऱ्यावर धो धो पाऊस पाडतात. मिलर आणि केशवमूर्ती यांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला.

त्याच सुमारास पिशारोटींनी एक साधा वाटणारा प्रश्न विचारला: हे पाणी येतं कुठून? पश्चिम किनारा ओलांडून आत येणाऱ्या बाष्पाचा हिशेब त्यांनी मांडला. विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या बाष्पापेक्षा ते कितीतरी जास्त भरलं. म्हणजे बहुतेक पाणी अरबी समुद्रातूनच उचललं जातं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या साहा आणि बावडेकर यांनी १९७३ मध्ये हा हिशेब पुन्हा मांडला, आणि पारडं उलटं झुकलं. त्यांच्या मते मोठा वाटा दक्षिण गोलार्धातून, विषुववृत्तापलीकडून येतो. पुढच्या अभ्यासांचा कलही बराचसा त्याच बाजूला राहिला. एकाच संस्थेच्या परंपरेत गुरूचा आकडा पुढच्यांनी खोडावा आणि त्यात कुणाचा अपमान होऊ नये, हे मला त्या निष्कर्षाइतकंच मोलाचं वाटतं. पिशारोटी त्या पुणे संस्थेचे पहिले संचालक होते. आणि तो निष्कर्ष तरी काय? बीडच्या कापसावर पडणाऱ्या थेंबातलं पाणी मादागास्करच्या आसपासच्या समुद्रातून निघालेलं असू शकतं!

१९६६ मध्येच जोसेफ आणि रामन यांनी दाखवलं की जुलैत द्वीपकल्पावरून, साधारण दीड किलोमीटर उंचीवर, पश्चिमेचा एक जोरदार वारा सलग वाहतो. बालाघाटाच्या माथ्यावर आज ज्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यांना सर्वाधिक जोर येतो तो याच मोसमात. वारा समुद्राकडून येतो, ढगही येतात, पण पाण्याचा मोठा भाग सह्याद्रीनं आधीच उतरवून घेतलेला असतो. पर्जन्यछाया ती हीच. म्हणून मराठवाड्याचा भरवसा नुसत्या अरबी समुद्रावर नसतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन पश्चिमेकडे किती आत सरकतात, यावर इथल्या पावसाचा बराच भाग ठरतो. आमच्या पावसाला दोन समुद्र लागतात.

दरम्यान १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा इतिहास सहसा विजयाच्या सुरात सांगितला जातो. १९७६ मध्ये ‘गवेषणी’ जहाज आलं, २६ जानेवारी १९८१ रोजी त्यानं समुद्रतळावरून बहुधात्विक गोटे वर काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. सगळं अभिमानाचं आहे. पण डांबरासारखे काळे ते गोटे आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात, यांचा एकमेकांशी संबंध जोडणारं वाक्य त्या काळातल्या भाषणांत शोधून सापडत नाही. गोव्याच्या सतीश शेट्ये यांचं काम त्यामानानं कमी गाजलं. आपल्या दोन्ही किनाऱ्यांचे प्रवाह मोसमागणिक दिशा बदलतात आणि उपसागरातली हालचाल लाटेच्या रूपात वळसा घेऊन अरबी समुद्रापर्यंत पोचते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. दोन समुद्र एकमेकांना निरोप पाठवतात, हे त्या गोट्यांपेक्षा आमच्या जास्त कामाचं.

समुद्र आणि शेत यांची गाठ खऱ्या अर्थानं घातली ती एका पुणेकर बाईंनी. सुलोचना गाडगीळ १९४४ साली पुण्यात जन्मल्या. हार्वर्डला त्यांनी अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या वळणांचं गणित मांडलं. भारतात परतल्यावर काही काळ पुण्याच्या हवामान संस्थेत आणि १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. १९८४ मध्ये जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी दाखवलं की समुद्राचं पृष्ठभागीय तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्यावर उंच, घट्ट ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. यातली मेख पुढे आहे. २८ अंश ही गरज आहे, हमी नव्हे. उपसागर उन्हाळ्यापासूनच तेवढा तापलेला असतो, तरी ढग कधी येतात, कधी आठवडा-आठवडा फिरकत नाहीत. पेरणी झाल्यावर तीन आठवडे उघडीप पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गाडगीळबाईंचं मला सर्वांत आवडतं काम मात्र समुद्रावरचं नाहीच. कर्नाटकातल्या पावगड भागात कोरडवाहू भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्या बसल्या आणि पेरणीची तारीख, पावसाचा खंड, किडीचं येणं यांचा हिशेब त्यांच्याकडून समजून घेतला. कुठला अंदाज शेतकऱ्याला उपयोगी पडेल हे शेतकऱ्यालाच विचारायचं, असा तो सरळ व्यवहार होता. २००६ मध्ये त्यांनी आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी मांडलं की तीव्र दुष्काळामुळे देशाच्या सकल उत्पन्नाला दोन ते पाच टक्क्यांचा फटका बसतो, आणि शेतीचा वाटा घटूनही तो फटका काही घटलेला नाही.

१९९७ साली प्रशांत महासागरात शतकातला एक जबर एल निनो होता आणि अनेकांना दुष्काळाची भीती होती. पाऊस सरासरीइतका पडला. दोन वर्षांनी साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागराचा स्वतःचा झोका, ‘डायपोल’, जगापुढे ठेवला. पश्चिमेकडचा समुद्र तापला आणि सुमात्राकडचा निवला की आपल्या पावसाला हात मिळतो. २००२ मध्ये अरबी समुद्रात ‘आर्मेक्स’ हा मोठा प्रयोग योजला. किनाऱ्यावरच्या अतिवृष्टीचा अभ्यास हा त्याच्या पहिल्या टप्प्याचा हेतू. जहाजं, उपकरणं, माणसं सज्ज होती, आणि त्या जुलैत देशभर सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. मुसळधार पावसाचा अभ्यास करायला निघालेल्यांच्या हाती दुष्काळ लागला. त्यातूनही शिकायला मिळालंच: एल निनो मध्यम असला तरी हिंदी महासागर विरोधात गेला तर पीक जातं.

डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात पहिल्या मोहिमेची पन्नाशी साजरी झाली आणि दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेला सुरुवात झाली. तेव्हा मराठवाडा सलग दोन वर्षं चाळीस टक्क्यांच्या आसपास तूट सोसून बसला होता. चार महिन्यांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शेजारच्या लातूरला पोचली. दोना पावलातल्या सभागृहाचा यात दोष नाही. उलट त्याच सुमारास पुण्याच्या रॉक्सी कोल यांनी दाखवलं होतं की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळी महिन्यांत सुमारे १.२ अंशांनी तापला, आणि जमीन-समुद्रातला तापमानाचा फरक कमी झाल्यानं मध्य भारताचा पाऊस उणावतो आहे. पुढच्या अभ्यासात उलट टोकही दिसलं. एकूण पाऊस घटत असताना मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या. महिनाभर खंड आणि मग एका रात्रीत वाहून गेलेली माती, हे दोन्ही एकाच तापलेल्या समुद्राचे आहेत.

२०१२ पासून ‘मान्सून मिशन’मुळे समुद्र आणि वातावरण जोडून चालणारी प्रारूपं पुण्यात रुजली आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा अंदाज दर आठवड्याला मिळू लागला. ही मोठी मजल आहे, पण तो अंदाज विभागाचा असतो, शिवाराचा नसतो. करोनाच्या काळात चर्चासत्रं ऑनलाइन गेली आणि इथून मोबाइलवर ती ऐकता येऊ लागली. भाषा अर्थात इंग्रजी. आणि अंदाज कसा हवा हे शेतकऱ्यालाच विचारणाऱ्या सुलोचनाबाई जुलै २०२५ मध्ये गेल्या.

माझी मागणी लहान आहे. या चर्चासत्रांतलं एखादं सत्र बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयात, मे महिन्यात, मराठीत घ्यावं. प्रश्न तयार आहेत. मृगात ओल झाली तर पेरावं की थांबावं? ऑगस्टमधला खंड किती दिवस आधी कळेल? सोयाबीन काढणीला आल्यावर उपसागरातून येणारा तो परतीचा पाऊस किती आधी सांगता येईल? उत्तर ‘अजून सांगता येत नाही’ असं असलं तरी चालेल, फक्त ते इथे येऊन सांगावं.