जुना ट्रॅक्टर भंगारात द्यावा लागतो का?

शेतीच्या ट्रॅक्टरला दहा वर्षांची वयोमर्यादा नाही. तरीही ‘दहा वर्षे झाली की ट्रॅक्टर भंगारात’ हे नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे पुन्हा पुन्हा ऐकू येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्येच ही बातमी निराधार असल्याचे जाहीर केले. एवढ्यावर विषय संपायला हवा होता.

मोटार वाहन कायद्यात शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. पहिली नोंदणी १५ वर्षांची. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरून अर्ज करायचा; तपासणीत ट्रॅक्टर ठीक ठरला, की कलम ४१ नुसार नोंदणी आणखी ५ वर्षांसाठी वाढते. पुढेही असेच. नाशिकच्या एमएच-१५ पाटीचा तीस वर्षांचा मॅसी किंवा महिंद्रा त्यामुळे कायदेशीरच असू शकतो.

घोळ झाला तो तीन वेगळे नियम एकत्र कालवल्यामुळे. डिझेल वाहनांना दहा वर्षांची मर्यादा घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला, पण तो दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता. १५ वर्षांनंतर नोंदणी रद्द होण्याचा २०२३ चा नियम सरकारी वाहनांचा. त्याच वर्षी आलेले धुराचे नवे निकष ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरसाठी. यांतला एकही नियम नाशिकच्या शेतकऱ्याच्या दारातल्या जुन्या ट्रॅक्टरला लागू होत नाही. ‘जुन्याला विमा लागत नाही’ हेही खोटे. रस्त्यावर आणायचा तर तृतीय पक्ष विमा सक्तीचाच.

जुन्या ट्रॅक्टरवर बेलर चालत नाही, असेही म्हटले जाते. गव्हाचे काड बांधणारा लहान चौकोनी बेलर ४० अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर चालवू शकतो, पी.टी.ओ.चे (ट्रॅक्टरची शक्ती अवजाराला देणाऱ्या शाफ्टचे) मिनिटाला ५४० फेरे मात्र टिकले पाहिजेत. खरी जोखीम एकेरी क्लचची. क्लच दाबला, तरी बेलरचे जड फ्लायव्हील गतीतच राहते आणि पी.टी.ओ.मार्फत ट्रॅक्टरला पुढे ढकलते. हे टाळण्यासाठी शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच बसवणे अत्यावश्यक आहे.

बेलरबाबत आणखी एक समज: ओलसर काडाचा गठ्ठा घट्ट बसतो म्हणून तो चांगला. तो घातक आहे: असा गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, कधी पेटतोही. आणि बेलरचा शिअर बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी कठीण बोल्ट ठोकू नये. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही, तर बेलरच्या सुया किंवा गिअर तुटतात.