डागा आणि निघा

155 मिलिमीटरच्या तोफेचा गोळा साधारण 45 किलोचा असतो. 30 किलोमीटरवर पडायला त्याला मिनिटभराहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात शत्रूच्या रडारने त्याच्या वाटेचा एखादा तुकडा टिपून तो कुठून सुटला याचं गणित मांडलेलं असतं. त्या जागी उलट गोळा येणारच. प्रश्न एवढाच, की तेव्हा तोफ तिथे असेल का?

ट्रकमागे ओढून आणलेली तोफ बहुधा तिथेच सापडते. तिचे फाकवलेले पाय मिटायचे, धक्क्याने मातीत रुतलेला फाळ उपसायचा, मग ती गाडीला जोडायची. तोफची कितीही चपळ असोत, काही मिनिटं जातातच. तोफ रणगाड्याच्या सांगाड्यावर चढवली की धक्का ते अवजड धूडच पचवतं आणि पट्टे लगेच फिरू लागतात.

ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धातच तोफ वाहणारी गाडी बनवली, पण तिचा वापर मुख्यतः रसद पोहोचवायला झाला! 1942मध्ये एल अलामीनच्या लढाईत त्यांच्याकडे अमेरिकेची अशीच तोफ, ‘प्रीस्ट’, होती. वाळवंटात तिने छान काम दिलं. पुढे कोरियाच्या डोंगरांत मात्र पंचाईत झाली, कारण नळी 35 अंशांच्या वर जाईना. शेवटी तोफेची बैठकच उंच करून नळी 65 अंशांपर्यंत नेली.

त्याच कोरियाच्या दक्षिण भागातली, म्हणजे दक्षिण कोरियाची, अशीच तोफ ‘के-9’ आज ‘वज्र’ नावाने आपल्याकडे आहे. गुजरातेत हजिऱ्याला ती तयार होते. 2018मध्ये नाशिकजवळ देवळालीला ती सैन्यात दाखल झाली. 47 टनांची ही तोफ धावता धावता थांबून मिनिटभरात पहिला गोळा डागते, 15 सेकंदांत तीन.

कागदावरचे हे आकडे 23 नोव्हेंबर 2010ला दक्षिण कोरियाच्या योनप्योंग बेटावर कसाला लागले. उत्तर कोरियाने अचानक भडिमार केला तेव्हा बेटावर सहा के-9 होत्या. एकीत आधीच्या सरावातला गोळा अडकलेला, दोन माऱ्यात जायबंदी. पहिलं उत्तर जायला 13 मिनिटं लागली. तोफा शोधणाऱ्या रडारला शत्रूच्या तोफा सापडल्याच नव्हत्या, म्हणून ते गोळे समोरच्या मुदो बेटावरच्या लष्करी तळावर गेले. मारा करणाऱ्या तोफा होत्या दुसरीकडे, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर.