महाराष्ट्र शासनातर्फे, बोदवड

बोदवडच्या कोर्टात सरकारी वकिलापुढच्या फाइलींवर फिर्यादीच्या जागी एकच नाव असतं: महाराष्ट्र शासन. याच शासनाचा सर्वोच्च वकील म्हणजे महाधिवक्ता. घटनेच्या १६५व्या कलमान्वये राज्यपाल त्यांना नेमतात. विधिमंडळात ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. तालुक्याच्या सरकारी वकिलाची वाट मात्र तिकडे जात नाही. तो परीक्षा देऊन गृह खात्याच्या नोकरीत येतो. महाधिवक्ता वकिलीतून थेट निवडले जातात.

आमच्या जिल्ह्यात सरकारी वकील म्हटलं की उज्ज्वल निकम आठवतात. जळगावच्या कोर्टातून निघून ते १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात आणि पुढे कसाबच्या खटल्यात उभे राहिले. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, हेही २०१५ साली त्यांनीच सांगितलं. मला ते रुचलं नाही. शासनाच्या वकिलाने पुराव्यापलीकडे बोलू नये.

बोदवडला तर पुरावाच हातातून निसटत असतो. विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याची केस. जप्तीचा पंच पिंजऱ्यात.

"सही तुमचीच?"

"हो."

"पंचनाम्यात काय लिहिलंय?"

"मले काय माहीत, सायेब? पोलीस म्हणे सही कर, केली."

पंच फितूर. सरकारी वकील चिडले नाहीत. न्यायाधीशांची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास त्यांनी सुरू केला, तोही अगदी बारक्या प्रश्नांनी. त्या दिवशी ठाण्यात गेला होतात? गेलो होतो. मोटार समोर होती? पंचाने मागे बसलेल्या आरोपीकडे पाहिलं. होती. तिला चिठ्ठी लावली? लावली. तिच्यावरची सही? माझीच.

मुद्देमाल पुढे आला. तारेने बांधलेली चिठ्ठी, लाखेचं सील तडकलेलं, सही मात्र स्वच्छ. फितुराची सगळीच साक्ष वाया जात नाही. बाकीच्या पुराव्याशी जुळेल तेवढी कोर्ट धरू शकतं. एवढ्यावरच तर सरकारी वकिलाची नोकरी चालते.

राहिला मोटारीचा मालक. मोटारीच्या खोक्यावर आपण तांबड्या रंगाची खूण केली होती, असं तो बाहेर सगळ्यांना सांगत होता. वकिलांनी पंचनामा पुन्हा चाळला. मोटारीचा रंग, कंपनी, अश्वशक्ती, सगळं होतं. खुणेची नोंद नव्हती.