सागाच्या पलीकडे : सचिन-डांग पट्ट्यातलं ‘इंजायली’ लाकूड

दक्षिण गुजरातेत जुना वाडा उतरवला जातो तेव्हा वखारवाला पहिला प्रश्न विचारतो, "साग किती?" साग वेगळा काढला जातो, त्याचा भाव ठरतो. उरलेले काळपट, जड खांब आणि तुळया ‘जंगली लाकूड’ म्हणून जळणात जातात. पण अनेक घरांत वरचा भार याच लाकडांनी पेललेला असतो. ती ओळखता येणं म्हणूनच इतिहासाच्या आणि दुरुस्तीच्या, दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचं आहे.

सचिनचं आपल्याशी जुनं नातं आहे. जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात 1791 साली पेशव्यांमार्फत बाळूमियाँ सिद्दीला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उभं राहिलं. 1948 मध्ये ते विलीन झालं. आज इथल्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मूळ गावच्या धाब्याच्या घरांतही सागाइतकाच इतर लाकडांचा आधार असे.

सागाला एवढा मान का मिळाला? कारण सरळ आहे. साग मजबूत असून फार जड नाही, वाळताना कमी वाकतो आणि त्यातल्या तेलामुळे वाळवी व पाणी दोन्ही सहन करतो. जहाजबांधणीला तो हवाच होता. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला गेले, आणि त्यांच्या घराण्याने सागाचीच जहाजं बांधली. पुढे 1840 च्या दशकात इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलं पट्ट्याने घेतली, ती मुख्यतः सागासाठी. 1913 साली गायकवाडांची बिलीमोरा-वघई ही नॅरोगेज सुरू झाली. सचिन ज्या मुख्य लाइनवर आहे, त्याच लाइनवरच्या बिलीमोऱ्यापर्यंत डांगचं लाकूड रेल्वेने येऊ लागलं. सरकारी हिशेबात लाकडाचे दोन ढोबळ गट पडले : साग, आणि उरलेलं सगळं ‘इंजायली’. हा शब्द महाराष्ट्रात वनखात्याच्या लिलावात आजही ऐकू येतो. तो दर्जाचा नव्हे, बाजारभावाचा शब्द आहे. आपण मात्र दर्जाचाच समजून बसलो.

या गटातली काही लाकडं

ऐन (गुजरातीत सादड) : साल मगरीच्या कातडीसारखी, गाभा तपकिरी, त्यात काळसर रेषा. सागाचा घनमीटर सुमारे 650 किलो भरतो, ऐनाचा 850 च्या आसपास. खांब, तुळया आणि वासे यांसाठी उत्तम.

बिबळा (बियो) : गाभा पिवळसर तपकिरी. याचा भुसा पाण्यात टाकला की पाण्यावर निळसर झाक दिसते. ओळखायची ही सोपी खूण. दारं-चौकटींना चांगला.

तिवस (तणछ) : चिवट, धक्का सोसणारा. गाडीचे भाग आणि शेतीची अवजारं याची होत.

हेद (हळदवान) : ताजा असताना हळदीसारखा पिवळा, रेषा बारीक, फळ्यांना आणि कातकामाला सोपा. आत कोरड्या जागी टिकतो. जमिनीत गाडू नये.

शिवण : हलकं, वाळल्यावर फार न हलणारं. दाराच्या फळ्यांसाठी योग्य, भार घेण्यासाठी नाही.

अंजन : खानदेशच्या कोरड्या भागातलं. इतकं जड की पाण्यात बुडतं.

मग सुतार कुरकुरतात का?

सागासाठी ठरलेली पद्धत ऐनाला लावली की काम बिघडतं. जुन्या वनव्यवस्थेत साग उभा असतानाच बुंध्याभोवती साल आणि वरचं पांढरं लाकूड गोल कापत, आणि दोनेक वर्षं झाड तसंच वाळू देत. मग ओंडका हलका होऊन नदीत तरंगे. ऐनाचं तसं करू नये. तो उन्हात वाळला की टोकापासून फाटतो. ओंडका ओला असतानाच कापावा, टोकांना जाड रंग किंवा मेण लावावं, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत थर रचावा आणि वर वजन ठेवावं. सुरतेकडे पावसाळ्यात हवा दमट आणि उन्हाळ्यात कोरडी. म्हणून निदान एक पूर्ण ऋतुचक्र जाऊ द्यावं. ऐनात खनिज खडे असतात, त्यामुळे करवतीचे दात लवकर बोथट होतात. मिलवाला जादा मजुरी मागतो ती त्यासाठी, आणि ती रास्त आहे.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. टिकतो तो गाभा. बाहेरचा पांढरा भाग कुठल्याही झाडाचा असो, वाळवी आणि भुंगा तो खातातच. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत पुरून आयुष्य मोजतात. सरासरी 120 महिने किंवा अधिक टिकणारं पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने टिकणारं दुसऱ्या, त्याहून कमी ते तिसऱ्या. लक्षात घ्या, ही मातीत पुरलेल्या बारीक तुकड्यांची परीक्षा आहे. छपराखाली, दगडी तळखड्यावर उभा असलेला खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. जुन्या घरांत खांब जमिनीला टेकवत नसत, याचं कारण हेच.

तर दुरुस्ती करताना काय पाहावं? खांबाचा तळ आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोकरून बघावं, कारण कुजणं तिथेच सुरू होतं. तेवढाच भाग कुजला असेल तर तेवढाच बदलून सांधा करता येतो, आणि शक्यतो त्याच जातीचा तुकडा घालावा. ऐनाच्या तुळईऐवजी त्याच मापाची शिवण बसवली तर ती वाकेल. बिबळा, ऐन अशा लाकडांत लोखंडी खिळे ओलाव्याने काळे डाग पाडतात. तिथे लाकडी खुंटी किंवा गंज न चढणारा खिळा वापरावा. नवं लाकूड घेताना वनखात्याचा वाहतूक पास आहे की नाही ते पाहावं.

सगळ्यात सोपं आणि तातडीचं काम कुणालाही करता येईल. घर उतरण्याआधी प्रत्येक खांब-तुळईची जागा, माप आणि जात लिहून ठेवा, सोबत कापल्या टोकाचा एक फोटो. जात कळली नाही तर गाभ्याचा काडेपेटीएवढा तुकडा जपा, पुढे ओळखता येतो. डांगचं कोणतं लाकूड सचिनच्या कोणत्या घरात पोचलं, याची कागदावरची नोंद क्वचितच सापडते. ती नोंद घरांतच आहे, आणि वखारीत गेली की संपली.