काच चाटणारा मासा उजनीत

भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्यावर मी आणि माझा मित्र गळ टाकून बसलो होतो. घराजवळचा नाथसागर सोडून संभाजीनगरहून इतक्या लांब यायला मित्राची हौस एवढंच कारण. आमच्या गळाला चिलापीशिवाय काही लागेना. खरी शिकार शेजारच्या कोळ्याच्या जाळ्यात होती. हातभर लांब, काळपट, अंगावर नागमोडी नक्षी, पाठीवर शिडासारखा उभा पर आणि तोंड चक्क खालच्या बाजूला. ‘सकर हाय. कुणी घेत न्हाई,’ असं म्हणत तो ब्लेडनं जाळ्याचे धागे कापू लागला.

मासा ओढून काढायचा सोडून जाळं का कापायचं, हे हात लावल्यावर कळलं. याच्या अंगावर साध्या खवल्यांऐवजी हाडांच्या खरखरीत पट्ट्या असतात. धोका जाणवला की पाठीवरचा आणि छातीजवळचे काटे ताठ उभे करून तो ते अडकवून ठेवतो. जितकं ओढावं तितका गुंता वाढतो. जाळ्याचा खर्च कोळ्याच्या माथी, आणि बाजारात या माशाला भाव शून्य.

शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. तिथून तो भीमेत पोहत आलेला नाही, आपल्या दिवाणखान्यातून आलाय. काचेवरचं शेवाळ खरवडून खातो म्हणून ॲक्वेरियमच्या दुकानात बोटाएवढं पिल्लू मिळतं. ते फूटभर झालं की टाकीत मावत नाही. मारवत नाही म्हणून लोक तळ्यात सोडतात. ही भूतदया महागात पडते.

उजनी त्याला मानवली याचं मला नवल वाटत नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथेच येतं. अशा पाण्यात प्राणवायू कमी पडला की रोहू, कटला तडफडतात. सकर मात्र पाण्यावर येऊन हवेचा घोट गिळतो. त्याच्या जठराचं अस्तर पातळ असून त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे गिळलेल्या हवेतला प्राणवायू तिथूनच रक्तात जातो. थोडक्यात, पोट फुफ्फुसाचं काम करतं. पाण्याबाहेर काढल्यावरही तो कित्येक तास जगतो. मादी काठच्या मातीतल्या लांब बिळात अंडी घालते आणि नर पहारा देतो. बिळं वाढली की काठ ढासळतो. तळ खरवडताना इतर माशांची अंडीही पोटात जातात. मेक्सिकोच्या इन्फिएर्निलो जलाशयात चिलापीची मोठी मासेमारी चालायची. हा शिरल्यावर जाळ्यांत चिलापीपेक्षा सकरच जास्त येऊ लागले. (चिलापीही आपल्याकडे 1952 साली बाहेरूनच आणलेली, पण ती निदान ताटात तरी येते.)

आमच्या शहरात टाकीतला मासा सोडायला हर्सूल तलाव आहे आणि खाम नदी आहे. खाम पुढे नाथसागरात जाते, आणि शहर बहुतेक पाणी पितं ते नाथसागराचंच. तेव्हा नको झालेला सकर दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर ज्याच्याकडे मोठी टाकी आहे त्याला. जाळ्यात आलेला तर पाण्यात परत टाकूच नये. काठावर फेकूनही भागत नाही. कोळ्यानं आपला मासा बांधापलीकडे, पाण्यापासून चांगला लांब भिरकावला. काठावरचा सकर सरपटत पुन्हा पाण्यात जातो, हे त्याला आमच्याआधी ठाऊक होतं.