हॅकिंग क्लबात नेमकं चालतं काय?

इंजिनिअरिंग कॉलेजात माहिती-सुरक्षेचा क्लब काढायचा म्हणून मुलं प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे हॅकिंग करणार का?" मुलं घाईघाईनं 'एथिकल' हा शब्द पुढे लावतात आणि अर्ज विभागप्रमुखांकडे सरकतो. घरीही फार वेगळं नसतं. मुलगी रविवारची दुपार काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत घालवताना दिसली, की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ही भीती अगदीच अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती बहुतेक वेळा क्लबात काय चालतं हे ठाऊक नसल्यामुळे असते. माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या प्रत्येक कॉलेजात असा क्लब हवा, आणि तो चांगला चालला आहे की नाही हे त्याच्या बैठकीत बसून ठरवावं, करंडकांच्या कपाटाकडे बघून नव्हे.

करंडक मिळतात त्या स्पर्धांना 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणतात. मुलं नुसतं सीटीएफ म्हणतात. आयोजक मुद्दाम कच्चे ठेवलेले प्रोग्रॅम, वेबसाइट, सांकेतिक मजकूर किंवा फायली देतात. त्यातली फट शोधून आत शिरलं, की महिरपी कंसात लिहिलेली अक्षरांची एक ओळ सापडते. तोच फ्लॅग. तो जमा केला की गुण. प्रश्नांच्या जाती ठरलेल्या असतात : वेब, क्रिप्टो, फॉरेन्सिक्स, तयार प्रोग्रॅम उलगडून वाचायचा तो रिव्हर्सिंग, आणि प्रोग्रॅमच्या मेमरीशी झुंजायचं ते पॉन. दुसरा प्रकार अटॅक-डिफेन्सचा. त्यात प्रत्येक टीमला सारखाच सर्व्हर मिळतो. स्वतःचा सांभाळत दुसऱ्यांचे फोडायचे.

अमेरिकेत लास व्हेगासला भरणाऱ्या डेफ कॉन परिषदेत हा खेळ १९९६ पासून आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत प्रा. जोव्हानी विन्या यांनी तो वर्गातल्या अभ्यासाचा भाग केला आणि पुढे विद्यापीठा-विद्यापीठांमधली स्पर्धा उभी केली. कार्नेगी मेलन विद्यापीठातला विद्यार्थ्यांचा गट २०१३ मध्ये पहिल्यांदा डेफ कॉनची स्पर्धा जिंकला आणि नंतर अनेकदा जिंकत राहिला. त्याच वर्षी त्या विद्यापीठानं आणि या मुलांनी शाळकरी मुलांसाठी पिकोसीटीएफ ही मोफत स्पर्धा सुरू केली. मला त्यांच्या विजयांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. आपल्याकडे केरळमधल्या अमृतपुरीच्या अमृता विश्व विद्यापीठातली 'बायोस' ही टीम अनेक वर्षं देशात आघाडीवर आहे. तिथूनच २०१० पासून इनसीटीएफ ही स्पर्धा भरते, आणि 'शक्ती' नावाची फक्त मुलींची टीमही तिथे आहे. आयआयटी रुरकीच्या विद्यार्थ्यांनी 'बॅकडोअर' सुरू केली. म्हणजे हे लोण भारतात येऊन बराच काळ झाला.

पण स्पर्धा शनिवार-रविवारची. क्लब घडतो तो आठवड्याच्या बैठकीत.

नव्यानं आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलांना बहुतेक क्लबांत पहिल्या काही बैठकांतच एसक्यूएल इंजेक्शन दाखवतात. त्यात दाराआडची सगळी गोष्ट दिसते, म्हणून ते जरा नीट सांगतो. तुम्ही लॉगिनच्या चौकटीत नाव आणि पासवर्ड भरता. मागचा प्रोग्रॅम ते दोन्ही उचलून एका वाक्यात बसवतो आणि डेटाबेसला विचारतो : ज्या नोंदीत नाव अमुक आणि पासवर्ड तमुक आहे, ती नोंद दे. अमुक आणि तमुक अवतरणचिन्हांत असतात. आता कुणी नावाच्या जागी आधी अवतरणचिन्ह बंद केलं, पुढे 'किंवा एक बरोबर एक' असं लिहिलं आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा मारल्या, तर? डेटाबेसला वाक्य दिसतं ते असं : नाव काहीही असो, किंवा एक बरोबर एक असो. रेघांनंतरचा पासवर्डचा भाग तो टीप समजून सोडून देतो. एक बरोबर एक हे नेहमीच खरं, म्हणून सगळ्याच नोंदी हातात येतात आणि पुष्कळदा त्यातली पहिली नोंद ॲडमिनची असते. चेकवर रकमेपुढे मोकळी जागा सोडली की दुसऱ्याला तिथे शब्द घालता येतात, तशीच ही चूक. उपाय जुना आणि सोपा आहे. वाक्याचा साचा डेटाबेसकडे आधी पाठवायचा आणि माणसानं भरलेला मजकूर मागाहून, वेगळा पाठवायचा. मग तो मजकूर आज्ञा म्हणून वाचलाच जात नाही.

ही फट १९९८ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात जाहीरपणे मांडली गेली. वेब सुरक्षेचं काम करणाऱ्या 'ओवास्प' संस्थेच्या २०१०, २०१३ आणि २०१७ च्या धोक्यांच्या याद्यांत इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होतं. २०२३ मध्ये मूव्हइट या फायली पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधून जगभरच्या असंख्य संस्थांची माहिती चोरीला गेली, तीही याच जातीच्या फटीतून. इतकी वर्षं माहीत असलेली चूक पुन्हा पुन्हा होते, कारण प्रोग्रॅम चालला की शिक्षण संपलं असं आपण मानतो. म्हणूनच क्लबातला सर्वांत उपयोगी कार्यक्रम मला हा वाटतो : मुलांनी दुसऱ्या वर्षी केलेली 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' किंवा 'हॉस्टेल मॅनेजमेंट सिस्टिम' बाहेर काढायची. त्या मिनी प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्स्टर्नलनं पाठ थोपटलेली असते, मार्कही मिळालेले असतात. ती स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायची, मित्राला त्यात शिरायला सांगायचं आणि तो शिरला की कोड दुरुस्त करायचा. स्वतःच्या हातचं काम असं उघडं पडलेलं बघितल्यावर तो विद्यार्थी पुन्हा तसा कोड लिहीत नाही. जर्नलमध्ये उतरवून काढलेल्या दहा प्रॅक्टिकलना ही ताकद नसते.

फ्लॅग सापडला की काम संपलं, असं बाहेरच्याला वाटतं. क्लबात तिथून पुढे 'राइट-अप' सुरू होतो. कुठे शंका आली, कोणते रस्ते बंद निघाले, कोणतं साधन का निवडलं, हे सगळं लिहायचं आणि पुढच्या बैठकीत फळ्यासमोर उभं राहून सांगायचं. खाली बसलेली मुलं अडवतात : "हे तू अंदाजानं केलंस की कळून?" या एका प्रश्नासाठी बैठक भरवावी अशी त्याची योग्यता आहे. आयतं साधन चालवून उत्तर काढणारा इथे उघडा पडतो. नेटवर्कवरची देवाणघेवाण उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये एक-एक पॅकेट बघत गेलेला पुढे येतो. चांगले क्लब राइट-अप सगळ्यांसाठी खुले ठेवतात, त्यामुळे गडचिरोलीतल्या मुलालाही अमृतपुरीतल्या सीनियरकडून शिकता येतं. आपल्या परीक्षांत उत्तर लपवून ठेवण्याला किंमत आहे; इथे ते समजावून सांगण्याला आहे.

बैठकीतला दुसरा ठरलेला भाग बातम्यांचा. भारतातल्या अनेक शहरांत 'नल' या खुल्या समुदायाच्या शाखा आहेत, पुण्या-मुंबईतही आहेत, आणि गोव्यातली 'नलकॉन' परिषद २०१० मध्ये याच मंडळींनी सुरू केली. त्यांच्या मोफत बैठकांत 'न्यूजबाइट्स' नावाचं सत्र असतं. 'हमला' नावाच्या सत्रात फोडायचा सराव होतो, 'बचाव' नावाच्या सत्रात राखायचा. कॉलेजच्या क्लबांनी हा साचा जसाच्या तसा उचलावा. एकानं आठवड्यातली एकच घटना घ्यायची आणि दहा मिनिटांत मुळापर्यंत नेऊन सांगायची.

मार्च २०२४ मधली 'एक्सझेड'ची घटना अशा सत्रासाठी फार चांगली आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की दुसऱ्या मशीनवर लॉगिन होताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. त्यानं मागोवा घेतला. लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या, फायली आटोपशीर करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदार बसवलेलं निघालं. ते बसवणाऱ्यानं 'जिया टॅन' या नावानं सुमारे दोन वर्षं प्रामाणिक मदतनीस म्हणून काम करून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावला होता. ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना कळतं की सुरक्षेत कोडइतकीच माणसं वाचावी लागतात. फुकटात, एकट्यानं, थकून मोठं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसांवर जगाचा केवढा भार आहे, हेही कळतं.

तिसरा कार्यक्रम कॉम्प्युटर न लावता होतो आणि तो फार कमी क्लब करतात. त्याला टेबलटॉप म्हणतात : घडलेली घटना टप्प्याटप्प्यानं सांगायची आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचं, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? महाराष्ट्रातल्या मुलांनी यासाठी दूर जायला नको. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या नावावर २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी धडाधड पैसे निघाले, भारतातही निघाले. सोमवारी १३ तारखेला बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या खात्यात १३.९२ कोटी रुपये गेले. एकूण ९४ कोटींहून जास्त. एटीएममध्ये कार्ड घातलं की 'पैसे देऊ का' हा प्रश्न बँकेच्या स्विचकडे जातो आणि स्विच खात्याकडे विचारतो. चोरांनी मधे खोटा स्विच उभा केला. तो खात्याला न विचारताच हो म्हणत राहिला. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यांतून काही वजा झालं नाही, तोटा बँकेचा झाला.

आता मुलांना विचारा : शनिवारी दुपारी परदेशातल्या व्यवहारांची संख्या अचानक चढली, तर ती कुणाला दिसायला हवी होती? त्यानं फोन कुणाला करायचा? सगळी एटीएम बंद करायचा अधिकार कुणाचा? सोमवारी बँक उघडण्याआधी स्विफ्ट थांबवायचं कुणाला सुचायला हवं होतं? एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत केंद्र सरकारच्या सर्ट-इनला कळवावी लागते. त्या कळवण्यात काय लिहायचं? तासाभरात वर्गातली सगळ्यांत गप्प मुलंही बोलायला लागतात, कारण इथे कोडिंगचा वेग उपयोगी पडत नाही.

आता पालकांच्या आणि प्राचार्यांच्या भीतीकडे येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ४३ म्हणतं, की मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणाऱ्याला भरपाई द्यावी लागेल. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता, एवढ्यानं कलम ४३ टळत नाही. 'मदत म्हणून' कॉलेजच्या रिझल्टच्या वेबसाइटवर अवतरणचिन्ह टाकून बघणारा विद्यार्थीही त्यात सापडू शकतो. म्हणून क्लबाच्या पहिल्याच बैठकीत ही कलमं वाचून दाखवली पाहिजेत, आणि सराव फक्त त्यासाठीच बनवलेल्या जागी झाला पाहिजे. ओवास्पचं 'ज्यूस शॉप' हे मुद्दाम कच्चं बनवलेलं दुकान लॅबच्या एका मशीनवर, बाहेरचं नेटवर्क तोडून चालवता येतं. ओव्हरदवायर या वेबसाइटवरचा 'बँडिट' हा खेळ लिनक्सची तोंडओळख पायरीपायरीनं करून देतं. खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खरोखर फट दिसली, तर ती जगजाहीर न करता मालकाला किंवा सर्ट-इनला कळवण्याची पद्धतही इथेच शिकवायची.

क्लब नसलेल्या कॉलेजात हे कुतूहल मरत नाही. ते रात्री हॉस्टेलच्या खोलीत, एखाद्या निनावी टेलिग्राम चॅनेलच्या आधारानं चालू राहतं, आणि तिथे कलम ४३ कुणी वाचून दाखवत नाही. प्राचार्यांनी घाबरायचं असेल तर याला घाबरावं.

एका गोष्टीवरून मात्र क्लब चालवणाऱ्या मुलांवर माझा राग आहे. बैठका रात्री आठला, स्पर्धा रात्रभर. मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद होतं, लोकलनं येणाऱ्या मुलीला घर गाठायचं असतं, आणि वर्षाअखेर 'मुली येतच नाहीत' असं म्हटलं जातं. बैठक दुपारी ठेवा. प्रॅक्टिकल संपलेलं असतं, लॅब उघडी असते. तसंच सीनियरनी स्वतःच्या रँकसाठी टीम चारच जणांत आवळून धरणंही क्लबाला मारतं. ती चौघं पास होऊन गेली की क्लब संपतो. प्रथम वर्षाची किती मुलं दुसऱ्या सत्रातही टिकली, याकडे लक्ष ठेवावं. शिक्षकांनी यातलं सगळं येत असलंच पाहिजे असं नाही. त्यांनी हजर असावं, परवानगीच्या कागदावर सही करावी आणि मुलगा फळ्यासमोर अडखळला तर त्याला बोलू द्यावं.

नव्या सत्राचं वेळापत्रक लावताना प्राचार्यांनी आठवड्यातले दोन तास, एक लॅब आणि एक वेगळा नेटवर्क स्विच एवढं द्यावं. आणि ज्या मुलांच्या कॉलेजात असा क्लब नाही, त्यांनी वाट बघू नये. पिकोसीटीएफचे जुने प्रश्न वर्षभर खुले असतात, त्याला पैसे लागत नाहीत, आणि लिनक्सची कमांड लाइन ब्राउझरमध्येच मिळते, त्यामुळे जुना लॅपटॉपही चालतो.