आजीवन हमी नेमकी कोणाच्या आयुष्याची? माउंटन बाइकची फ्रेम आणि कागदावरचे वचन

म्हैसूर : म्हैसूर शहरालगतच्या चामुंडी डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६० मीटर, म्हणजे शहरापेक्षा अंदाजे ३०० मीटर उंच आहे. डोंगराचा वळणदार डांबरी रस्ता शहरातील सायकलस्वारांच्या सरावाची नेहमीची जागा आहे. याच शहरात २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना ४५० सायकली आणि ४८ केंद्रांसह सुरू झाली. अशा योजनेत सायकलच्या दुरुस्तीची चिंता चालवणाऱ्याला नसते. मात्र स्वतःच्या पैशांनी महागडी माउंटन बाइक घेणाऱ्याच्या फ्रेमला तडा गेला, तर त्याच्या हाती उरते ते हमीपत्र. त्या कागदाची खरी किंमत किती, हे त्यावर छापलेल्या वर्षांच्या आकड्यावरून कळत नाही. फ्रेम कशामुळे तुटते, हमीतून काय वगळले आहे आणि दाव्याची दखल घेणारी व्यक्ती किती जवळ आहे, या तीन गोष्टींवर ते ठरते.

धातूचा थकवा

फ्रेम एकाच मोठ्या आघाताने तुटते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक फ्रेम लहानलहान ताणांच्या लाखो आवर्तनांनी निकामी होतात. अभियांत्रिकीत याला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ मध्ये फ्रान्समधील व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला आणि या प्रश्नाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. एका वेळी सहज पेलला जाणारा भार पुनःपुन्हा पडत राहिला, तर तोच भार धातू तोडू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

पोलाद आणि ॲल्युमिनियम या बाबतीत वेगळे वागतात. पोलादावरील ताण एका ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर ते जवळजवळ अमर्याद आवर्तने सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. प्रत्येक आवर्तनाची नोंद त्याच्या आयुष्याच्या हिशेबात होत राहते. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, तशीच त्याची ताठरताही. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड व्यासाच्या करून त्यांच्यावरील ताण कमी ठेवला जातो. चांगल्या आराखड्याची ॲल्युमिनियम फ्रेम वर्षानुवर्षे टिकते, तर निकृष्ट जोडाची पोलादी फ्रेम लवकर तुटू शकते. कार्बनच्या फ्रेममध्ये थकव्यापेक्षा आघाताची भीती अधिक असते, कारण आतील थर सुटले तरी वरचा रंग शाबूत दिसू शकतो.

चाचणी काय सांगते

सायकलींच्या सुरक्षेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार माउंटन बाइकच्या फ्रेमवर पायडलच्या बाजूने १,२०० न्यूटन, म्हणजे सुमारे १२२ किलो वजनाइतका भार, एक लाख आवर्तने टाकला जातो. पुढच्या चाकाच्या बाजूने आडव्या दिशेचे बल ५०,००० वेळा दिले जाते. आघाताच्या चाचणीत २२.५ किलोचे वजन ३६ सेंटीमीटर उंचीवरून सोडले जाते.

तथापि, ही किमान कसोटी आहे. सायकल कोणत्या वापरासाठी बनवली आहे, हे वेगळे पाहावे लागते. अमेरिकेतील एएसटीएम संस्थेच्या वर्गीकरणात तिसऱ्या श्रेणीची सायकल खडबडीत वाटेसाठी असली, तरी तिच्यासाठी उडीची मर्यादा सुमारे ६१ सेंटीमीटर आहे. चौथ्या श्रेणीत ती १२२ सेंटीमीटर होते. जाड टायर आणि पुढचे सस्पेन्शन असलेली प्रत्येक सायकल डोंगरउतारावरच्या उड्यांसाठी नसते. चामुंडीच्या डांबरी रस्त्यावर अनेक वर्षे निर्धोक चालणारी फ्रेम उड्यांच्या एकाच हंगामात तडकू शकते. तसे झाल्यास ‘अयोग्य वापर’ या शब्दांत दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. म्हणून सायकलवरील किंवा माहितीपुस्तिकेतील श्रेणीची नोंद खरेदीपूर्वीच पाहावी.

हमीपत्रातील बारीक अक्षरे

‘आजीवन हमी’ या शब्दांनी अनेकांची फसगत होते. हे आयुष्य बहुधा मालकाचे नसते, तर उत्पादकाने गृहीत धरलेले फ्रेमचे असते. अनेक हमीपत्रे फक्त पहिल्या खरेदीदाराला लागू होतात. जुनी सायकल विकली की हमी संपते. अपघात, स्पर्धा, भाड्याने देणे, नेहमीची झीज आणि गंज या बाबी सामान्यतः वगळलेल्या असतात. फ्रेममध्ये केलेला बदल हेही वगळण्याचे नेहमीचे कारण आहे. मूळ मापापेक्षा लांब सस्पेन्शन फोर्क बसवला, तर हेड ट्यूबच्या जोडावर पडणारा ताण वाढतो. त्यामुळे ही अट निव्वळ पळवाट म्हणता येत नाही.

स्थानिक वेल्डिंगबाबतही हीच सावधगिरी हवी. पोलादी फ्रेम कुशल कारागीर जोडू शकतो. ‘६०६१’ प्रकारच्या ॲल्युमिनियमला मात्र वेल्डिंगनंतर भट्टीत ठरावीक तापमानाची प्रक्रिया द्यावी लागते; ती न दिल्यास जोडाजवळचा भाग मऊ पडतो. अशी दुरुस्ती धोकादायक ठरते आणि हमीही गमावली जाते.

नवी फ्रेम मिळाली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. जुन्या सायकलींच्या मागच्या हबची रुंदी बहुधा १३५ मिलिमीटर असे. आजच्या अनेक माउंटन बाइकमध्ये ती १४८ मिलिमीटर आहे. बदलून मिळालेल्या फ्रेममध्ये जुने चाक बसले नाही, तर नव्या चाकाचा खर्च कोणी करायचा? वाहतूक आणि सुटे भाग बसवण्याची मजुरी कोणाची? उत्तम हमीसेवेची पारख अशाच प्रश्नांच्या उत्तरांतून होते.

विक्रेता जवळ असण्याचे मोल

सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो कंपनीने अमेरिकेत सुमारे ६,८०,००० क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. दोष फ्रेमचा नव्हता. क्रँकचे चिकटवलेले भाग सुटत असल्याचे आढळले होते. तपासणी विनामूल्य होती, मात्र ती अधिकृत विक्रेत्यांकडे करून घ्यायची होती. फ्रेमच्या दाव्यातही हीच साखळी काम करते. तडा पाहणे, छायाचित्रे व अनुक्रमांक पाठवणे, कंपनीशी पत्रव्यवहार करणे आणि नवी फ्रेम जोडून देणे हे सारे विक्रेता करतो. जवळ अधिकृत विक्रेता नसेल, तर थोड्या सवलतीत दूरवरून मागवलेली सायकल पुढे महाग पडू शकते.

कायद्याचा आधार

उत्पादकाने दाद दिली नाही, तरी मार्ग बंद होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तू बदलून देण्याचा, तिची किंमत परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश जिल्हा ग्राहक आयोग देऊ शकतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडेही तक्रार दाखल होते. त्यामुळे दिल्लीहून सायकल मागवलेल्या म्हैसूरच्या रहिवाशाला दिल्लीला जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष डोळ्यांना दिसण्याजोगा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. फ्रेमच्या वादात हे विशेष उपयोगी ठरते.

फ्रेम तुटून चालक जखमी झाला, तर उत्पादन-दायित्वाची तरतूद लागू होऊ शकते. उत्पादन स्पष्टपणे दिलेल्या हमीनुसार नसेल, तर निष्काळजीपणा नव्हता असे सिद्ध करूनही उत्पादक जबाबदारीतून सुटत नाही. मात्र वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात बदल झाला असल्यास दायित्वाला अपवाद आहे. तक्रारीपूर्वी सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ग्राहकाच्या हातातील गोष्टी

या सर्व मार्गांवर पुरावा लागतो. खरेदीचे बिल, हमीपत्र आणि बॉटम ब्रॅकेटखाली बहुधा कोरलेल्या अनुक्रमांकाचे छायाचित्र पहिल्याच दिवशी जपून ठेवावे. कंपनीने नोंदणीची मुदत दिली असल्यास ती पाळावी. सीट पोस्टवरील किमान खोलीची खूण नळीच्या आतच राहील, याची खात्री करावी. सायकल धुताना हेड ट्यूब, बॉटम ब्रॅकेट आणि मागच्या चाकाजवळचे जोड कापडाने पुसून पाहावेत. रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा पायडल मारताना नवा करकर आवाज येऊ लागला, तर सायकल चालवणे थांबवून तपासणी करून घ्यावी. वेळीच सापडलेला तडा हमीच्या दाव्यापुरता राहतो. उतारावर तुटलेली फ्रेम थेट चालकाच्या जिवाशी गाठ घालते.